गृहारोग्य-विचार : रक्तांतील साक्षीदार

छातींत कळ आली कीं 'वात धरला असेल' असें म्हणून ओंवा-सैंधव चावावयास देणें, ही आपल्या घरांतील जुनी चाल आहे. पुष्कळ वेळां तो वातच असतो आणि ओंवा श्रेय घेऊन जातो. परंतु ज्या वेळीं तो वात नसतो, त्या वेळीं घरच्या मंडळींच्या हातीं पश्चात्तापावांचून कांहीं उरत नाहीं. हृदयविकार हा असा पाहुणा आहे कीं, तो दारांत येऊन उभा राहीपर्यंत बहुधा आपली वर्दी देत नाहीं. ती वर्दी आधीं मिळवितां येईल काय, हा प्रश्न म्हणूनच गेलीं पाऊणशें वर्षें जगांतील वैद्यकशास्त्रज्ञांपुढें उभा आहे.

या महिन्यांत हा विषय हातीं घेण्यास कारण झालें तें भोकर येथील एका वाचकांचें पत्र. कुटुंब एकत्र, चौदा माणसांचें. धाकट्या बंधूंस सत्तेचाळिसाव्या वर्षीं हृदयविकाराचा झटका आला. तांतडीनें नांदेडास नेल्यामुळें ते वांचले. आतां पुण्यास नोकरीवर असलेल्या पुतण्यानें घरीं कळविलें आहे कीं, रक्ताच्या थोड्याशा थेंबांतील हजारों प्रथिनें मोजून व तीं मापें 'कृत्रिम बुद्धिमत्ते'च्या हवालीं करून, पुढील कांहीं वर्षांत कोणास झटका येण्याचा संभव आहे हें सांगण्याची विद्या निघाली आहे. तरी घरांतील सर्व वडील माणसांनीं ती तपासणी करून घ्यावी. पत्रलेखक आम्हांस विचारतात, हें शास्त्र आहे कीं नवें ज्योतिष? आणि शास्त्र असेल तर सोयाबीनच्या पट्टींतून शिल्लक टाकलेला पैसा त्यासाठीं मोडावा काय? प्रश्न एका घराचा असला तरी उत्तर अनेक घरांच्या उपयोगीं पडणारें आहे. म्हणून तें येथें विस्तारानें देत आहों.

या विद्येचा पाया जेथें घातला गेला तेथपासून आरंभ करूं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट हे १९४५ सालच्या एप्रिलांत मेंदूंतील रक्तस्रावानें वारले. मृत्यूपूर्वीं त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० इतका चढला होता. वाढता रक्तदाब हा वाढत्या वयाचा सोबतीच, त्यांत काळजी करण्यासारखें फारसें नाहीं, अशी त्या काळीं बऱ्याच डॉक्टरांचीहि समजूत होती. पुढें १९४८ सालीं, म्हणजे ज्या सालीं आपला मराठवाडा निजामाच्या अमलांतून मोकळा झाला त्याच सालीं, मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील फ्रेमिंगहॅम नांवाच्या गांवीं एक विलक्षण उपक्रम सुरू झाला. तीस ते बासष्ट वर्षें वयाचे ५,२०९ स्त्रीपुरुष निवडण्यांत आले. त्यांची वरचेवर तपासणी करून कोणास हृदयविकार होतो व कोणास होत नाहीं, याची नोंद ठेवण्यांत येऊं लागली. १९७१ पासून त्यांचीं मुलें व २००२ पासून नातवंडेंहि या नोंदींत आलीं. रक्तदाब, रक्तांतील कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह यांचें हृदयाशीं असलेलें वैर या वह्यांतून सिद्ध झालें, आणि १९६१ सालीं 'जोखमीचे घटक' हा शब्दप्रयोग याच मंडळींनीं वैद्यकांत रूढ केला. आज डॉक्टर तुमचा दाब पाहून भिवया उंचावतात, त्यामागें त्या गांवच्या तीन पिढ्यांचा धीर आहे.

तथापि या घटकांनीं सर्व गोष्टींचा उलगडा होत नाहीं. ज्याचें कोलेस्टेरॉल उत्तम, ज्यानें विडी कधीं ओठास लावली नाहीं, असाहि मनुष्य अकस्मात् कोसळतो. आणि सर्व घटक अंगीं असूनहि एखादे आजोबा नव्वदी गांठतात. तेव्हां रक्तांत आणखी कांहीं साक्षीदार दडलेले असले पाहिजेत, असा तर्क निघाला. ते साक्षीदार म्हणजेच प्रथिनें.

प्रथिन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें डाळीची वाटी येते. परंतु येथें आहारांतील प्रथिनांचा प्रश्न नाहीं. शरीर आपल्या पेशींत जीं प्रथिनें घडवितें त्यांचा हा प्रश्न आहे. आईबापांकडून आलेली जनुकें म्हणजे घराण्याची जुनी वही. ती जन्मभर बदलत नाहीं. प्रथिनें म्हणजे रोजचा जमाखर्च. कोठें दाह झाला, कोठें धमनीच्या अस्तरास इजा पोहोंचली, मूत्रपिंड थकलें, हृदयाचा स्नायु ताणला गेला, कीं त्याची नोंद रक्तांतील कोणत्या ना कोणत्या प्रथिनाच्या चढउतारांत उमटते. म्हणून वहीपेक्षां जमाखर्च पाहणारास घराची आजची स्थिति अधिक कळते.

यांतील कांहीं साक्षीदार फार दिवसांपासून ओळखीचे आहेत. न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तांत १९३० सालीं सांपडलेलें सी-रिॲक्टिव्ह प्रथिन हें शरीरांतील दाहाचें माप होय. हृदयाच्या स्नायूस इजा झाली कीं रक्तांत उतरणारें ट्रोपोनिन पाहून आज रुग्णालयांत झटक्याचें निदान पक्कें करतात. आणि अपोलिपोप्रोटीन-बी म्हणून एक प्रथिन आहे. धमन्यांत पुटें चढविणाऱ्या प्रत्येक मेदकणावर त्याचा एक, आणि एकच, रेणु असतो. बाजारांत येणाऱ्या गाड्या मोजावयाच्या तर मालाचें वजन करीत बसण्यापेक्षां गाडीवान मोजणें सोपें. तसें हें प्रथिन मोजलें कीं घातक कणांची संख्या नेमकी कळते. अपोलिपोप्रोटीन-ए-१ हा त्याच्या उलट पक्षाचा, म्हणजे मेद परत वाहून नेणाऱ्या कणांवरील गाडीवान. या दोहोंचें परस्परप्रमाण फार बोलकें असतें.

तें किती बोलकें आहे, हें सांगणारा एक मोठा पुरावा आपल्या महाराष्ट्राशीं निगडित आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नाहीं. बावन्न देशांत मिळून 'इंटरहार्ट' नांवाचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाले. पहिल्या झटक्यांच्या जोखमीपैकीं बहुतेक सर्व जोखीम नऊ साध्या घटकांनीं समजावून देतां येते, असें त्यांत आढळलें. आणि त्या नऊ घटकांत वरील दोन प्रथिनांचें प्रमाण व धूम्रपान यांनीं अग्रस्थान पटकाविलें. याच अभ्यासांतील दक्षिण आशियाचे आंकडे वेगळे काढून २००७ सालीं जो निबंध प्रसिद्ध झाला, त्याचे प्रथम लेखक होते नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. त्या निबंधानुसार आपल्याकडील लोकांस पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षीं येतो. इतर देशांत तो ५८.८ व्या वर्षीं. जवळजवळ सहा वर्षांचें हें अंतर म्हणजे घरांतील मुलांचीं शिक्षणें पुरीं होण्याची व लग्नें होण्याची मुदत होय!

हें अंतर कां? आपली हृदयें कांहीं निराळ्या मातीचीं घडविलेलीं आहेत काय? निबंधाचें उत्तर मोठें आशादायक आहे. धोक्याचे घटक तेच. ते आपल्याकडे लौकर येतात, इतकेंच. निरोगी म्हणून तुलनेस घेतलेल्या माणसांतहि त्या दोन प्रथिनांचें वाईट प्रमाण आपल्याकडे शेंकडा ४३.८ जणांत, तर इतरत्र ३१.८ जणांत आढळलें. बऱ्यापैकी व्यायाम करणारे आपल्याकडे शेंकडा ६.१, इतरत्र २१.६, रोज फळें व भाज्या खाणारे आपल्याकडे २६.५, इतरत्र ४५.२. म्हणजे शाकाहाराचा अभिमान वाहणाऱ्या या देशांत शाक मात्र ताटाच्या कोपऱ्यांत चमचाभरच उरलें आहे!

आतां नव्या विद्येकडे वळूं. पूर्वीं एका नळींत एक प्रथिन मोजीत. आतां एकाच नमुन्यांत हजारों मोजतां येतात. यांतील एक युक्ति अशी. बँकेंतील तिजोरीच्या खणास जशा दोन किल्ल्या लागतात, तशीं प्रत्येक प्रथिनासाठीं दोन प्रतिपिंडें तयार करतात आणि त्या प्रत्येकास डी.एन्.ए.चा एक लहानसा धागा बांधतात. दोन्ही प्रतिपिंडें एकाच प्रथिनास जाऊन चिकटलीं, तरच दोन धागे जवळ येऊन जुळतात. आणि जुळलेले धागे यंत्रानें मोजले कीं प्रथिनाचें प्रमाण कळतें. दुसऱ्या युक्तींत प्रतिपिंडांऐवजीं विशिष्ट आकारांत वळलेले डी.एन्.ए.चे तुकडेच प्रथिनास पकडतात. ब्रिटनमध्यें २००६ ते २०१० या काळांत चाळीस ते एकोणसत्तर वर्षें वयाच्या पांच लक्ष लोकांनीं आपलें रक्त शास्त्रासाठीं दिलें. तें शीतकोठारांत जपून ठेवलेलें आहे. त्यांपैकीं सुमारें ५४,००० लोकांच्या रक्तांतील २,९०० हून अधिक प्रथिनांचीं मापें २०२३ सालीं प्रसिद्ध झालीं, आणि हें काम सर्व नमुन्यांपर्यंत नेण्याचा संकल्प २०२५ च्या आरंभीं जाहीर झाला.

परंतु हजारों प्रथिनें आणि हजारों माणसें यांचा हा डोंगराएवढा आंकडेकोष वाचावयाचा कोणीं? येथें कृत्रिम बुद्धिमत्तेचें काम येतें. नांव मोठें भारदस्त असलें तरी कृति समजण्यास अवघड नाहीं. ज्यांचें रक्त पंधरा वर्षांपूर्वीं घेतलें, त्यांपैकीं पुढें कोणास झटका आला व कोणास नाहीं, हें आज ठाऊक आहे. हीं सर्व उदाहरणें गणकयंत्रास देतात. कोणत्या प्रथिनास किती वजन द्यावें म्हणजे दोन्ही गट उत्तम वेगळे पडतील, हें तें पुनःपुन्हां आजमावून ठरवितें. मग तीं वजनें नव्या मनुष्याच्या मापांस लावून त्याची जोखीम काढतात. यांत एक धोका आहे, तो शिक्षकांस चटकन् कळेल. मागील प्रश्नपत्रिका पाठ करणारा विद्यार्थी सराव-परीक्षेंत पहिला येतो आणि खऱ्या परीक्षेंत गडबडतो. हजारों प्रथिनांतून योगायोगानें जुळलेलीं चार-दोन प्रथिनें यंत्रहि अशींच 'पाठ' करतें. म्हणून ज्यांचें रक्त यंत्रानें पूर्वीं कधीं पाहिलेलें नाहीं अशा निराळ्या लोकांवर, शक्यतों निराळ्या देशांत, त्याची परीक्षा घेतल्यावांचून त्याच्या भाकितावर विश्वास ठेवूं नये.

अशा परीक्षांचा निकाल काय? २०२२ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं बावीस हजारांहून अधिक लोकांच्या रक्तावरून सत्तावीस प्रथिनांचें एक कोष्टक सिद्ध केलें. त्यावरून पुढील चार वर्षांतील धोका जोखतां येतो व औषधोपचारानें धोका बदलल्यास कोष्टकांतहि फरक दिसतो, असें त्यांनीं दाखविलें. ही प्रगति खरी आहे. परंतु लगेच २०२३ सालीं आइसलंडांतील शास्त्रज्ञांनीं सुमारें पांच हजार प्रथिनें मोजून निष्पक्षपणें तुलना केली, तेव्हां असें दिसलें कीं, वय, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कोलेस्टेरॉल या जुन्या घटकांच्या हिशेबांत प्रथिनांची भर घातली असतां भाकित सुधारतें खरें, पण माफकच सुधारतें. जुन्या साक्षीदारांनीं बहुतेक साक्ष आधींच दिलेली असते. नवे साक्षीदार तींत थोडी भर घालतात. वर्तमानपत्रांतील मथळे पहिली गोष्ट सांगतात, दुसरी सांगत नाहींत.

आणखी एक प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. यंत्र शिकलें तें कोणाच्या रक्तावर? बहुतांशीं युरोपीय वंशाच्या लोकांच्या. पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं पुण्याजवळील खेड्यांत १९९३ पासून चालविलेल्या अभ्यासानें हें दाखवून दिलें आहे कीं, आपलें बाळ जन्मतःच इंग्लंडांतील बाळाहून सुमारें पाऊण किलो हलकें असतें, पण त्याच्या अंगीं मेदाचें प्रमाण मात्र त्या मानानें जास्त असतें. 'कृश परंतु मेदयुक्त' असा हा भारतीय देह. ज्यास शेजारीपाजारी काटकुळा म्हणतात त्याच्याहि पोटांत घातक मेद दडलेला असूं शकतो. अशा देहाचें माप दुसऱ्यांच्या अंगरख्यावरून बेतणें धोक्याचें आहे.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न आपल्याकडे सुरू झाले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. अपोलो रुग्णालयसमूहानें मायक्रोसॉफ्टच्या साहाय्यानें २०१८ सालीं भारतीय रुग्णांच्या नोंदींवर आधारलेली हृदयजोखमीची गणना पुढें आणली. तींत प्रथिनांचा मोठा संच नाहीं, पण माणसें आपलीं आहेत. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें २०२३ च्या डिसेंबरांत 'फिनोम इंडिया' नांवाची योजना आरंभिली. परिषदेचे कर्मचारी, निवृत्त मंडळी व त्यांचे जोडीदार मिळून सुमारें दहा हजार लोकांची तपासणी तींत झाली. मधुमेह, यकृताचे विकार व हृदयविकार यांचें भाकित भारतीय देहावरून करतां यावें, हा तिचा हेतु. तिच्या पहिल्या टप्प्याची सांगता २०२४ च्या जून महिन्यांत गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत झाली. उपक्रम स्तुत्य आहे. तथापि प्रयोगशाळेंत नोकरी करणारें कुटुंब आणि भोकरच्या शिवारांत कापूस वेंचणारें कुटुंब यांचें अन्न, श्रम, झोप व चिंता एक नव्हत. या दुसऱ्या कुटुंबाचें रक्त त्या कोषांत जाईल तेव्हांच तें भाकित साऱ्या देशाचें होईल.

आतां ज्योतिषाच्या आक्षेपाकडे. शास्त्रीय भाकित आणि जन्मपत्रिका यांत मुख्य भेद हा कीं, शास्त्रीय भाकित खोटें ठरूं शकतें व तें किती वेळां खोटें ठरलें याचा हिशेब उघडपणें ठेवला जातो. दुसरा भेद असा कीं, तें एका माणसाविषयीं निश्चित असें कांहींच सांगत नाहीं. 'दहा वर्षांत शेंकडा वीस धोका' याचा अर्थ, तुमच्यासारख्या शंभर माणसांपैकीं वीस जणांस झटका येईल आणि ऐंशींस येणार नाहीं. तुम्ही त्या विसांतले कीं ऐंशींतले, हें यंत्रास ठाऊक नसतें. तिसरा भेद सर्वांत मोठा. ग्रह हालवितां येत नाहींत, पण रक्तदाब उतरवितां येतो, तंबाखू सोडतां येते. ज्या भाकितानें उपाय सुचत नाहीं तें ऐकून झोंप मात्र उडते.

येथें एक इशारा दिल्यावांचून राहवत नाहीं. आपल्या समाजांत पत्रिका जुळविण्याची हौस मोठी. उद्यां मुलामुलींच्या लग्नांत मंगळाच्या जागीं प्रथिनांचा आंकडा येऊन बसला, तर शास्त्राचा तो विपर्यास होईल. पंचविशींतील मुलीच्या रक्तांतील एखादें माप पाहून तिला 'सदोष' ठरविणें हें क्रूर आहे, आणि अडाणीपणाचेंहि आहे. घरांतील कोणाचाहि अहवाल त्याच्या संमतीवांचून दिवाणखान्यांत वाचला जाऊं नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशांत २०२३ सालीं झाला; घरांतील मर्यादा मात्र घरच्यांनींच पाळावयाची असते.

तर मग भोकरच्या कुटुंबानें काय करावें? आमचें मत असें कीं, हजारों प्रथिनांच्या तपासणीसाठीं शिल्लक मोडण्याची आज गरज नाहीं. ही विद्या अजून मुख्यतः संशोधनाची आहे. मात्र बंधूंस सत्तेचाळिसाव्या वर्षीं झटका आला, ही घटना स्वतःच एक मोठें भाकित आहे. सख्ख्या नात्यांतील पुरुषास पंचावन्नच्या आंत किंवा स्त्रीस पासष्टच्या आंत हृदयविकार झाला, तर वैद्यकशास्त्र तें जोखमीचें लक्षण मानतें. म्हणून भावंडांनीं व सज्ञान मुलांनीं रक्तदाब, रक्तशर्करा व मेदाची तपासणी करावी. डॉक्टरांनीं योग्य म्हटल्यास दोन प्रथिनें अवश्य मोजून घ्यावींत : एक अपोलिपोप्रोटीन-बी, आणि दुसरें लायपोप्रोटीन-ए. हें दुसरें १९६३ सालीं नॉर्वेंत प्रथम ओळखलें गेलें. त्याचें प्रमाण बहुतांशीं आनुवंशिक असल्यानें तें सामान्यतः आयुष्यांत एकदां मोजलें तरी पुरतें. हजारों साक्षीदारांच्या मागें धांवण्याआधीं हे दोन विचारून पाहावेत.

आणि एक भाकित तर दारांत फुकट येतें. गांवांतील आशाताई तीस वर्षांवरील माणसांसाठीं एक साधा तक्ता भरतात. वय किती, तंबाखू-धूम्रपान आहे काय, रोज मद्य घेतां काय, कंबर किती, आठवड्यास दीडशें मिनिटें व्यायाम होतो काय, आईवडिलांस वा भावंडांस दाब, मधुमेह, हृदयविकार आहे काय, इतकेच सहा प्रश्न. एकूण गुण चाराहून अधिक झाले तर तपासणीस आधीं जावें, असा नियम. कंबर पुरुषाची नव्वद व स्त्रीची ऐंशी सेंटिमीटरांच्या आंत असावी. कृत्रिम बुद्धिमत्तेनें जें करावयाचें तेंच हें, मात्र कागदावर व शिंप्याच्या फितीनें. आशाताई आल्या असतां 'आमच्याकडे सगळे ठीक' म्हणून त्यांस दारांतून परत पाठविणाऱ्या सुशिक्षित घरांनीं हें ध्यानांत ठेवावें.

एकत्र कुटुंबास तर एक सोय अशी आहे जी फ्रेमिंगहॅमला मोठ्या खटाटोपानें मिळवावी लागली, ती म्हणजे एका छपराखालीं तीन पिढ्या. किराण्याच्या वहीशेजारीं एक आरोग्याची वही ठेवावी. प्रत्येकाचा रक्तदाब, शर्करा, कंबर, चालूं असलेलीं औषधें आणि वाडवडिलांपैकीं कोण कोणत्या वयांत कशानें गेलें, हें तींत लिहावें. 'आजोबा अचानक गेले' एवढ्यानें डॉक्टरांस बोध होत नाहीं. 'एकावन्नाव्या वर्षीं, छातींत दुखून, दोन तासांत' असें लिहिलेलें असलें तर होतो. ज्या घरांत एकच चूल आहे, तेथें लोणचें, पापड व तळण यांवरील ताबा एका हातानें चौदा हृदयांचें रक्षण करतो. मीठ दिवसास माणशीं पांच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, याहून अधिक नसावें. पानांतील तंबाखू, तपकीर व मशेरी हीं 'विडीपेक्षां बरीं' म्हणून खपवूं नयेत.

वहींत घरांतील स्त्रियांचीं पानें कोरीं राहतात, हाहि आमचा अनुभव आहे. सुनेचा दाब पाहावयास कोणास सवड नसते, आणि सासूबाईंची धाप 'वयाची' म्हणून सोडून देतात. स्त्रियांस हा रोग पुरुषांपेक्षां कांहीं वर्षें उशिरां गांठतो, सोडीत मात्र नाहीं. त्यांच्यांत छातींतील कळेऐवजीं धाप, घाम, मळमळ, जबडा वा पाठ दुखणें, अशीं लक्षणेंहि असूं शकतात. भोकराहून नांदेड पन्नास किलोमीटरांच्या आसपास. अशीं लक्षणें दिसलीं तर ओंवा शोधण्यांत वेळ न दवडतां १०८ क्रमांकास दूरध्वनि करावा व जवळच्या रुग्णालयांत हृदयाचा आलेख काढून घ्यावा. तो क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा, आणि घरांतील मुलांसहि तो पाठ असावा.